लाल टिकली आणि इतर सुविधा

चित्र काढायला चित्रकाराला घरातला एक कोपरा पुरतो. ते दाखवायचं म्हटलं की मुंबई अपुरी पडते. काळा घोड्याच्या जहांगीर आर्ट गॅलरीत तारीख मिळवायची तर अर्ज करून वर्षंच्या वर्षं थांबावं लागतं. १९५२ साली ही गॅलरी उघडली आणि तेव्हापासून महाराष्ट्रातल्या चित्रकाराच्या आयुष्याचे सरळ दोन भाग पडले: जहांगीरच्या आधीचा आणि जहांगीरच्या नंतरचा. पहिल्या भागात तो तारखेची वाट पाहतो, दुसऱ्यात गिऱ्हाइकाची.

राजा रविवर्म्याने यावर फार पूर्वी तोडगा काढला होता. लोक चित्रापाशी येत नसतील तर चित्राने लोकांकडे जावं, या विचाराने त्याने १८९४ साली मुंबईत छापखाना घातला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथून लक्ष्मी निघाली ती थेट घराघरांतल्या भिंतींवर जाऊन बसली. छापखान्यात तेवढी थांबली नाही. कर्ज वाढत गेलं आणि शेवटी छापखाना फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाला विकावा लागला. तात्पर्य, कला लोकांपर्यंत पोचवणाऱ्याने त्यातून पैशाची अपेक्षा ठेवू नये. मी ती पहिल्यापासूनच ठेवली नाही. मी चित्रकारांसाठी वेबसाइटचं एक प्लगइन लिहिलं आणि जगाला फुकट देऊन टाकलं.

कल्पना आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या सरांची. एलिमेंटरीच्या परीक्षेआधी माझं स्मरणचित्र पाहून ते म्हणाले होते, "यावरून तुला काहीच आठवत नाही एवढंच कळतं." निवृत्तीनंतर ते पूर्ण वेळ चित्रं काढू लागले आणि एका लग्नाच्या पंगतीत मी त्यांना सापडलो. "तू कॉम्प्युटरचं काहीतरी करतोस ना? मग माझी एक वेबसाइट करून दे. पटकन."

हा 'पटकन' सरांना चांगला परिचयाचा होता. त्याच लग्नात वधूच्या काकांनी त्यांना "आमच्या हॉलसाठी एखादं निसर्गचित्र मारून द्या की पटकन, तुमच्या तर हातातच कला आहे," असं सांगितलं होतं आणि सर त्यावर मठ्ठा संपेपर्यंत धुमसत होते. "तीस वर्षं साधना करावी लागते, तेव्हा कुठे हात पटकन चालतो!" हे त्यांनी मला जिलबी घेताना ऐकवलं आणि जिलबी संपल्यावर माझ्याकडे वेबसाइट मागितली.

आता सरांची एक वेबसाइट करून देणं हे दोन संध्याकाळींचं काम. पण तेवढंच करून गप्प बसला तर तो प्रोग्रॅमर कसला? दोन संध्याकाळींचं काम टाळण्यासाठी दोन वर्षं राबणं याला आमच्यात दूरदृष्टी म्हणतात. मी ठरवलं, एकट्या सरांसाठी कशाला, जगातल्या तमाम चित्रकारांसाठी सोय करावी. जगातल्या चाळीस टक्क्यांहून अधिक वेबसाइटी वर्डप्रेसवर चालतात. मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल या दोघांनी २००३ साली सुरू केलेला हा प्रकार स्वतःच फुकट आहे. त्याच्या खालची पीएचपी फुकट, तिच्या शेजारचा डेटाबेस फुकट, आणि हे सगळं ज्या सर्व्हरवर चालतं त्यावरचं लिनक्सही बहुतेक वेळा फुकट. एवढ्या फुकटावर आपलं आणखी थोडं फुकट ठेवायला माझं काहीच जात नव्हतं.

चित्र दाखवणं यात अवघड ते काय, असं मलाही वाटलं. फोटो चढवायचा, तो दिसतो. पण वर्डप्रेसच्या मनात वेगळंच असतं. तुम्ही एक फोटो चढवलात की ते त्याच्या लहानमोठ्या सात प्रती काढतं, आणि त्यातली सगळ्यांत छोटी असते दीडशे बाय दीडशे पिक्सेलची. ती चौकोनीच हवी म्हणून चित्राचा बरोब्बर मधला भाग ठेवून बाकीचा कापला जातो. निसर्गचित्राचं यात फारसं बिघडत नाही. दोन झाडं कमी होतात. सर मात्र व्यक्तिचित्रं काढतात, तीही उभी. पहिल्यांदा साइट उघडली तेव्हा पडद्यावर ओळीने चोवीस पोटं दिसली. काही लुगड्यातली, काही धोतरातली, एक सदऱ्याचं बटण तुटलेलं. सर बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "बटणाचं काम चांगलं उतरलंय. पण माणसं कुठे आहेत?"

माणसांना डोकी मिळवून दिल्यावर नावांचा प्रश्न आला. चित्राला नाव देणं सरांना मान्य नाही. नाव दिलं की बघणारा चित्र सोडून नाव बघतो, असं त्यांचं मत. त्यामुळे प्रत्येक चित्राचं शीर्षक 'शीर्षकहीन'. वर्डप्रेसला एका पत्त्यावर दोन बिऱ्हाडं चालत नाहीत. एकच नाव पुन्हा आलं की ते शेपटीला दोन, तीन, चार असे आकडे लावत सुटतं. होता होता गाडी 'शीर्षकहीन ८७'पर्यंत गेली. मग एका रात्री सरांचा फोन. "अरे, ते कावळा आणि म्हातारीचं चित्र सापडत नाही. तुझा तो शोध नीट चालत नाही." मी विचारलं, "सर, शोधताना काय टाकलंत?" "कावळा आणि म्हातारी." "पण चित्राचं नाव तर शीर्षकहीन आहे." "नाव शीर्षकहीनच आहे. चित्र कावळ्याचं आहे. एवढं त्याला दिसत नाही?"

रंगांनी तर माझी झोप घेतली. कॅनव्हासवरचा रंग, कॅमेऱ्यातला रंग आणि पडद्यावरचा रंग हे तीन सख्खे भाऊ असले तरी तोंडं तीन दिशांना असतात, हे मी सरांना समजावत होतो. त्यातच त्यांनी कळवलं की रोज रात्री नऊनंतर त्यांच्या सगळ्या चित्रांतलं आभाळ पिवळं पडतं. मी कोड तपासला. चित्रांच्या फाइली तपासल्या. शेवटी सरांच्या घरी गेलो. डोळ्यांना त्रास नको म्हणून नातीने त्यांच्या फोनवर रात्रीचा पिवळा उजेड लावून दिला होता. तो मी बंद केला. आभाळ निळं झालं. "म्हणजे दोष तुझ्या प्लगइनमध्येच होता," सर समाधानाने म्हणाले.

पार्श्वभूमी पांढरी असावी यावर सगळ्या चित्रकारांचं एकमत आहे. कुठला पांढरा, यावर कोणत्याही दोघांचं नाही. सरांना हवा होता 'चुन्याचा, पण दोन पावसाळे पाहिलेला'. हा रंग निवडायची सोय मी केली. शिवाय चित्रं कोणी चोरू नयेत म्हणून उजवं क्लिक बंद करायची सोय केली. फोन दाबून पडद्याचा फोटो काढणाऱ्याला जगातलं कुठलंही प्लगइन अडवू शकत नाही, हे मी सांगितलंच नाही असं नाही. पण सरांचं लक्ष तोवर पुढच्या मागणीकडे लागलं होतं. प्रत्येक चित्राखाली व्हॉट्सअॅपवर पाठवायचं बटण पाहिजे होतं, तेही मोठं. चित्र कोणी घेऊन जाऊ नये, पण सगळीकडे पोचावं, ही कलावंताची आदिम इच्छा त्या दोन बटणांत एकत्र नांदू लागली.

मग आली लाल टिकली. प्रदर्शनात चित्र विकलं गेलं की त्याच्या शेजारी छोटीशी लाल टिकली चिकटवतात, हे कलेच्या व्यवहारातलं सर्वांत सुंदर चिन्ह. मी ती सोय केली: 'विकलं गेलं' या चौकटीत खूण करा, कोपऱ्यात टिकली उमटेल. दुसऱ्याच दिवशी सरांनी दबल्या आवाजात विचारलं, "विकल्याशिवाय टिकली लावता येईल का?" "कशाला, सर?" "अरे, एकदोन टिकल्या दिसल्या की बाकीच्यांना धीर येतो. गॅलरीतही पहिल्या दिवशी मेहुण्याला सांगून लावून घेतात." आता प्लगइनमध्ये मेहुण्याची सोय कशी करणार? मी म्हणालो, "पुढच्या आवृत्तीत बघू." नकार देण्याचा हा आमच्या धंद्यातला सर्वांत सभ्य मार्ग. पुढची आवृत्ती असतेच आणि ती कधीच ही नसते.

टिकलीचा सचोटीने वापर केला तो पेणच्या एका मूर्तिकारांनी. हे प्लगइन चित्रकारांसाठी आहे याकडे त्यांनी साफ दुर्लक्ष केलं, गणपतींचे फोटो चढवले, शाडू आणि प्लास्टर असे दोन विभाग पाडले, शीर्षकाच्या जागी उंची लिहिली आणि बुकिंग झालं की लगेच टिकली. त्यांचा फोन फक्त आषाढात येतो आणि तो नेहमी एकाच वाक्याने सुरू होतो: "दादा, गणपती आलेत तोंडावर." यापुढे कुठल्याही प्रोग्रॅमरची टाळाटाळ टिकत नाही. गणपतीला 'पुढच्या आवृत्तीत बघू' म्हणता येत नाही.

प्लगइन वर्डप्रेसच्या अधिकृत यादीत घालायचं तर ते आधी तपासून घ्यावं लागतं. तपासणारे बहुतेक जण स्वयंसेवक, म्हणजे फुकट काम करणारे. ते माझं फुकट काम नियमाने तपासतात. बाहेरून आलेल्या एकाही अक्षरावर विश्वास ठेवू नका, हा पहिला नियम. दुसरा नियम मला लागला: साइटच्या मालकाने स्पष्ट परवानगी दिल्याशिवाय त्याच्या पानावर प्लगइन करणाऱ्याचं नाव झळकता कामा नये. मी सरांकडे परवानगी मागितली. पानाच्या तळाशी, अगदी बारीक अक्षरांत. सर म्हणाले, "नको. चित्रावरून नजर हलते." असं म्हणताना ते नव्या चित्राच्या उजव्या कोपऱ्यात स्वतःची सही करत होते. तीन इंच लांब, शेंदरी रंगात.

यादीत आल्यावर तारे मिळू लागले. एकाने पाच दिले आणि खाली लिहिलं, अजून वापरून पाहिलं नाही. दुसऱ्याने एक दिला, कारण त्याला पावत्या छापणारं प्लगइन हवं होतं. देणगीचं बटण दाबणारा आजवर एकच निघाला, माझा सख्खा मामा. तेही काय होतं ते बघायला. लगेच त्याचा फोन आला, पैसे परत कसे घ्यायचे? वर्डप्रेसच्या नव्या मोठ्या आवृत्त्या येत राहतात, आणि त्यातल्या लागोपाठ तीन आवृत्त्यांसोबत चाचणी झाल्याची नोंद तुम्ही केली नाहीत, तर तुमच्या प्लगइनच्या माथ्यावर तसा इशारा लागतो. कोडमध्ये काही बदलायचं नसलं तरी फाइल उघडून एक आकडा वाढवावा लागतो. पेन्शनर मंडळी दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला देतात, तोच हा प्रकार. फरक इतकाच की त्यांना पेन्शन मिळते.

अशात एक दिवस कळलं की परदेशातल्या कोणीतरी माझंच प्लगइन नाव बदलून डॉलरमध्ये विकायला काढलंय. सरांना सांगितल्यावर ते ताडकन उठले. "कोर्टात खेच त्याला!" म्हटलं, खेचता येत नाही. याचा परवाना जीपीएल. घ्या, बदला, वाटा, हवं तर विका, असं त्यात मीच लिहून दिलंय. बदललेलं जे पुढे द्याल ते याच अटींवर द्या, एवढंच बंधन. सर बसले. विद्यार्थ्याबद्दलची जुनी काळजी त्यांच्या चेहऱ्यावर परत आली. थोड्या वेळाने म्हणाले, "त्याच्यात विकल्याशिवाय टिकली लागते का रे?"

लागत होती. त्या गृहस्थाने पहिली सुधारणा तीच केली होती. परवाना खुला असल्याने ती ओळ उचलून परत माझ्या प्लगइनमध्ये घालायला मलाही मोकळीक होती. घातली. सरांनी त्याच संध्याकाळी तीन चित्रांना टिकल्या लावल्या, आणि खरं सांगायचं तर आठवड्याच्या आत चौथं चित्र विकलं गेलं. टिकली नसलेलं. घेणाऱ्या बाईंनी नाशिकहून फोन करून सांगितलं म्हणे, बाकीची पटापट जाताहेत म्हणून घाई केली.

सर खूश झाले. मला फोन करून म्हणाले, "तू एवढी वर्षं माझ्यासाठी फुकट राबलास. तुला एक चित्र देणार आहे. पैशाचं नाव काढायचं नाही. कुठलं हवं ते सांग."

फुकट म्हटल्यावर माझ्यातही काहीतरी जागं झालं. मी म्हणालो, "सर, ते कावळा आणि म्हातारीचं छान आहे. फक्त आकार थोडा मोठा करता आला तर? हॉलची भिंत लांब आहे. आणि आभाळ जरा करड्याकडे झुकवा, आमच्या सोफ्याला जाईल. कावळा नसला तरी चालेल, बायको म्हणते घरात नको. आणि शनिवारपर्यंत मिळालं तर बरं, पाहुणे यायचेत. पटकन होण्यासारखं आहे ना?"

पलीकडे सरांनी दीर्घ श्वास घेतला.

"पुढच्या आवृत्तीत बघू," ते म्हणाले.