मालक, गुरुवार मोकळा आहे का?

रविवारी रात्री साडेआठ. खानावळीबाहेर नंबर लावून उभी असलेली माणसं, आत वाढप्यांची पळापळ, काउंटरवरचा मालक एका हातानं बिल फाडतोय आणि दुसऱ्या हातानं स्वयंपाकघराला खुणा करतोय. नेमका हाच मुहूर्त साधून आपला गायक त्याला मेसेज टाकतो. ‘आदरणीय सर, मला लहानपणापासून संगीताची आवड आहे.’ पुढं शाळेतलं बक्षीस, पुढं गुरूंची नावं, पुढं आईवडिलांचे आशीर्वाद, तळाशी सहा लिंका. मागणी एकच, ‘एक संधी द्यावी ही विनंती.’

मालक तो मेसेज मंगळवारी चहा पिताना बघतो आणि अंगठ्यानं वर सरकवतो. तोवर गायक कोल्हापुरात रंकाळ्याच्या कट्ट्यावर बसून मित्राला सांगून मोकळा झालेला असतो, ‘भावा, ह्या गावाला कलेची कदर न्हाई.’

कदर आहे. मेसेजात तारीख नाही. वेळ नाही, पैसे किती ते नाही, माणसं किती येणार आणि प्लग किती लागणार हेही नाही. लग्नाच्या बायोडेटातसुद्धा उंची आणि पगार असतो, बाबा.

पण दोष एकट्या पोराचा नाही. या गावात गाण्याचा कुठलाही कार्यक्रम असो, पाहुण्यांच्या भाषणात तिसऱ्या वाक्याला राजाश्रय येतोच. शाहू महाराज, अल्लादिया खाँसाहेब, जयपूर-अत्रौली घराणं, देवल क्लब. सगळं खरं. खाँसाहेब १८९५ मध्ये महाराजांच्या दरबारी आले आणि कोल्हापूर गाण्याच्या नकाशावर ठळक झालं. पण या कथेचा उत्तरार्ध आम्ही भाषणात घेत नाही. १९२२ मध्ये महाराज गेले आणि पासष्टी ओलांडलेल्या खाँसाहेबांनी मुंबई गाठली. घराण्याचा प्रवर्तक, उभ्या हिंदुस्थानात नाव, आणि आश्रयदाता गेल्यावर गाव सोडायची पाळी. राजाश्रयाची ही अट कुणी पोरांना सांगत नाही. पोरं बिचारी अजून महाराजांची वाट बघतात. आजचे महाराज काउंटरवर बसलेत, त्यांना राग यमन कळत नाही, गल्ला कळतो. आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

उदाहरणच द्यायचं तर गायक-नट केशवराव भोसल्यांचं द्यावं. त्यांनी १९०८ मध्ये विशीच्या आत स्वतःची ‘ललितकलादर्श’ काढली, तीही इथं नव्हे, हुबळीत. नाटक कंपनी चालवणं म्हणजे गाणं एक आणा, उरलेले पंधरा आणे व्यवहार: गावं ठरवायची, थिएटरवाल्याशी बोलायचं, सामान हलवायचं, मंडळींची जेवणं, तिकिटांचा हिशेब. आज ज्याला स्वतंत्र कलाकार म्हणतात तो हाच. आणि ८ जुलै १९२१ ला त्यांनी मुंबईत बालगंधर्वांबरोबर टिळक स्वराज्य फंडासाठी ‘मानापमान’चा संयुक्त प्रयोग केला. दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे मालक, दोघंही गायक, एकाच रंगमंचावर. आमच्याकडं दोन गिटारवाले एका कॅफेत एका संध्याकाळी गात नाहीत, कारण पोस्टरवर नाव आधी कुणाचं हे ठरत नाही.

केशवरावांच्याच नावाचं इथलं नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, त्यांच्या जयंतीच्या आदल्या रात्री, जळालं. गाव हळहळलं, आणि ती हळहळ खरी होती. आपण तिथं शेवटचं तिकीट कधी काढलं होतं हे स्वतःला विचारायची ती वेळ नव्हती. आता विचारायला हरकत नाही.

तर मागणी घालायची कशी? याचं शिक्षण परदेशी व्हिडिओत शोधायची गरज नाही. चैत्रातल्या यात्रांच्या आधी नारायणगावला चक्कर मारावी. तमाशा फडांच्या राहुट्या लागलेल्या असतात. बाहेर फडाच्या नावाचा फलक, आत मॅनेजर आणि त्याची वही. गावोगावच्या यात्रा कमिट्या येतात, या राहुटीतून त्या राहुटीत फिरतात, घासाघीस करतात. मॅनेजर कलेवरच्या निष्ठेबद्दल चकार शब्द काढत नाही. तो तारीख विचारतो. मग गाव कुठलं, रस्ता कसा, कलाकार किती हवेत, वग कुठला. ज्या तिथीला चार तालुक्यांच्या यात्रा एकदम येतात त्या तिथीचा भाव वेगळा, आडतिथीचा वेगळा. सुपारी ठरते, विसार हातात पडतो, कागद होतो. ज्या कलेला शिकलेल्या मंडळींनी वर्षानुवर्षं नाकं मुरडली, तिला आपली किंमत पटकन आणि स्पष्ट सांगता येते. आणि संगीत विशारद झालेला आमचा पोरगा ‘पैशाचं तुम्ही काय ते बघा’ असं म्हणून मान खाली घालतो. गल्लीतला बेंजोवाला त्याच्यापेक्षा शहाणा: माणसं इतकी, गाडी तुमची, निम्मे आधी, वरात मध्येच पावसानं थांबली तरी पैसे पूर्ण.

तिथीवरून आठवलं. कोल्हापूरचं पंचांग रश्श्यावर चालतं. बुधवार, शुक्रवार, रविवार मटणाचे. सोमवार, गुरुवार, शनिवार वार पाळणाऱ्यांचे. आमचे गायक मात्र हटकून रविवार मागतात, कारण ‘गर्दी असते’. अहो, गर्दी असते म्हणूनच तुम्ही नको असता! रविवारी मालकाला टेबल रिकामं व्हायला हवं असतं, आणि तुम्ही गिऱ्हाईक अर्धा तास जास्त बसेल अशी सोय करायला निघालात. तुमचं गाणं जितकं चांगलं, तितकं त्याचं नुकसान. गुरुवारी हिशेब उलटा. खुर्च्या मोकळ्या, आचारी मोकळा, मालक मोबाइलवर रील बघत बसलेला. आणि श्रावण? तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावर चालणाऱ्या खानावळीला श्रावण म्हणजे महिनाभराची एकादशी. त्या महिन्यात शाकाहारी थाळी आणि अभंगांची संध्याकाळ असा प्रस्ताव घेऊन आषाढातच दारात उभं राहावं. दुपारी चार ते सहा, जेवणं आटोपल्यावर आणि रात्रीची तयारी सुरू व्हायच्या आत. त्याआधी एकदा तिथं पैसे देऊन जेवून यावं. भिंतीवर प्लग कुठं आहे, स्वयंपाकघरातला आवाज किती येतो, कोण माणसं येतात, हे सगळं एका थाळीत कळतं. राजारामपुरी-ताराबाई पार्कातल्या कॅफेंनाही हेच लागू, फक्त तिथं पंचांगाच्या जागी विद्यापीठाचं परीक्षांचं वेळापत्रक बघावं.

क्लिपबद्दल एक विनंती. ती एकच पाठवा, दोन मिनिटांची, प्रेक्षकांतल्या कुणीतरी मोबाइलवर काढलेली. स्टुडिओत घासूनपुसून काढलेलं गाणं, त्यात पन्हाळ्यावर ड्रोन, धुक्यात पांढरा शर्ट, हे मावशीला पाठवायला ठीक. तुमचा गळा गोड आहे की नाही याच्याशी मालकाला कर्तव्य नाही. जेवता जेवता माणसं मान वर करून बघतात का, एवढंच त्याला बघायचंय. क्लिपमध्ये चमच्यांचा आवाज आला तर उत्तमच.

आता मालकाची भीती. ती पैशाची कमी, पोलिसांची जास्त. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत: रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद, निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा, दवाखाना, शाळा, कोर्टाभोवती सरकार जाहीर करेल तिथं निदान शंभर मीटर शांतता क्षेत्र. गणपतीत डॉल्बीच्या भिंतींखाली खिडक्यांच्या काचा थरथरतात तेव्हा ज्या काकू ‘पोरांचा उत्साह हाय’ म्हणतात, त्याच काकू साध्या गिटारीवर तक्रार ठोकतात. तेव्हा ‘साडेनऊला बंद करतो’ हे तुम्ही आधी म्हणा, मालकानं म्हणायच्या आत. दुसरी भीती परवान्याची. दुसऱ्याची गाणी हॉटेलात गायची तर मालकाला परवाना लागू शकतो; गीतकार-संगीतकारांची आयपीआरएस ही संस्था १९६९ पासून त्यासाठीच आहे. लग्नाच्या वरातीला कायद्यानं सूट दिलीय, खानावळीला नाही. मग ज्यांचे हक्क कुठल्या संस्थेला दिलेले नाहीत अशी स्वतःची चार गाणी तुमच्याकडं असतील, तर ती भीत भीत शेवटी कशाला ठेवता? ‘यांना परवाना लागत नाही’ म्हणून पहिल्या ओळीत सांगा. स्वतःच्या गाण्याची इतकी रोकडी तारीफ दुसरी कुठली होणार नाही.

एवढं सगळं केल्यावर मालक काय म्हणतो? ‘पेमेंटचं न्हाई जमणार, पण जेवण फुल्ल. आणि आमच्या पेजवर टाकू की!’

इथं मालकांशीही दोन शब्द. वाढप्याला तुम्ही रोज देता. भांडी घासणाऱ्या मावशींना देता. उद्घाटनाला फुग्यांची कमान बांधणाऱ्याला निमूट देता, आणि ते फुगे दुसऱ्या दिवशी फुटतात. मग दोन तास गाणाऱ्या तिघांपुढं हात आखडतो कसा? तबलजीच्या घरमालकाला पांढरा रस्सा कितीही आवडत असला तरी तो भाड्यात धरत नाही. आणि पेजवर टाकायचं म्हणाल, तर तुमच्या पेजवर तुमचा भाचा आणि तुमचे आचारी सोडून कोण आहे ते एकदा बघा. पहिल्या वेळी कमी द्या, ठरवून द्या, व्हॉट्सॲपवर का होईना लिहून द्या. टिपांवर भागव म्हणत असाल तर तेही चालेल; तमाशात दौलतजादा होती, आता माइकच्या दांडीला क्यूआर कोड. मात्र तो कोड गाणाऱ्याचा असावा, काउंटरचा नको.

समजा, मंगळवार पेठेतल्या एखाद्या पोरीनं हे सगळं मनावर घेतलं आणि दुपारी साडेचारला मेसेज टाकला:

‘मालक, नमस्कार. मागच्या गुरुवारी तुमच्याकडं जेवलो, निम्मी टेबलं मोकळी होती. आम्ही तिघं. मी गातो, एक गिटार, एक तबला. साडेसात ते साडेनऊ, मधी पंधरा मिनिटं थांबणार. दोन माइक आणि स्पीकर आमचे, तुमचा फक्त प्लग. भावगीतं, जुनी हिंदी, चार गाणी आमची स्वतःची. पाच हजार, निम्मे आधी. चार गुरुवार करून बघू. गल्ला वाढला न्हाई तर पाचव्या गुरुवारी आम्हीच येणार न्हाई. सोबत एक क्लिप हाय, दोन मिनिटांची.’

उत्तर चहा संपायच्या आत येईल.

‘चार नको, दोन बघू. तीन हजार. आणि हळदीची गाणी येत्यात काय?’

‘येत्यात. मग पाचच.’