दहा ग्रॅम कणीक

माझे स्पीकर सेकंडहँड आहेत, ॲम्प्लिफायर नवा आहे आणि कान पन्नास वर्षं वापरलेले आहेत. या तिघांचं एकमेकांशी जमावं, एवढीच माझी गेल्या पावसाळ्यातली माफक इच्छा होती.

स्पीकर पुण्यातल्या पासोड्या विठोबाजवळच्या एका दुकानात मिळाले. "एकाच हातात वापरलेत साहेब," दुकानदार म्हणाला. हे वाक्य मी आजवर स्कूटरबद्दलच ऐकलं होतं. चारी बाजूंनी बंद लाकडी पेट्या, प्रत्येकीत साडेसहा इंची वूफर. ॲम्प्लिफायर मात्र आजच्या पिढीचा, म्हणजे त्याच्याशी फोनवरूनच बोलावं लागतं. त्याच्या पोटात स्पीकरांची भलीमोठी यादी आहे. आपला स्पीकर निवडायचा, की तो त्याच्या मापाचा आवाज शिवून देतो.

हे मापाचं प्रकरण समजायला सोपं आहे. कुठलाच स्पीकर सरळमार्गी नसतो. बंद पेटीचा स्पीकर एका ठरावीक सुरापर्यंत खाली इमानाने उतरतो आणि मग हात वर करतो. त्याच्या पुढे दर सप्तकाला आवाज १२ डेसिबलने घसरतो, म्हणजे तीव्रता सोळाव्या हिश्शावर येते. साध्या ॲम्प्लिफायरला याचं सोयरसुतक नसतं. तो पंगतीत वाढणाऱ्यासारखा सगळ्यांना सारखंच वाढत जातो. जुळवून घेणारा ॲम्प्लिफायर मात्र स्पीकरचं वैगुण्य आधीच ओळखून नेमकं उलटं वैगुण्य स्वतःत आणतो. दोन चुका मिळून एक बरोबर होते. चष्मा हेच करतो, आणि चष्म्याप्रमाणेच हाही दुसऱ्याचा चालत नाही. हे शेवटचं वाक्य मी तेव्हा वाचलं होतं. समजलं नंतर.

युक्ती तशी जुनी आहे. अमर बोस, म्हणजे बंगालमधून अमेरिकेत गेलेल्या क्रांतिकारकाचा मुलगा आणि एमआयटीतले प्राध्यापक, यांनी १९६८ साली ९०१ नावाचा स्पीकर काढला. त्यात नऊ छोटे स्पीकर. एक आपल्याकडे बघतो, उरलेले आठ वर्गात शिक्षा झाल्यासारखे भिंतीकडे तोंड करून. इतक्या चिमुकल्या मंडळींकडून खर्ज काढायचा, तर ॲम्प्लिफायरला एक खास इक्वलायझरची डबी जोडावी लागे. अलीकडे पॅरिसच्या डेव्हियालेने हेच काम हिशोबावर नेलं. शेकडो मॉडेलं मोजून ठेवायची आणि वूफरचा कोन, म्हणजे भूमितीतला नव्हे, तो पुढेमागे हलणारा कागदी पडदा, या क्षणी कुठे असेल याचं गणित गाणं चालू असतानाच करायचं. खालचा सूर वाढवायचा, पण पडदा मर्यादेपाशी आला की लगाम खेचायचा. माझा ॲम्प्लिफायर इतक्या मोठ्या घराण्यातला नाही, पण गायकी तीच.

अडचण एवढीच, की यादीत माझा स्पीकर नव्हता. त्याचा थोरला भाऊ होता. आडनाव तेच, फक्त शेवटचं अक्षर वेगळं. छातीपर्यंत उंच आणि एकेका पेटीत आठ इंची दोन वूफर. म्हटलं, भावकीतलाच तर आहे! आणि निवडला.

संध्याकाळी भीमसेन जोशींचा अभंग लावला. काय सांगू! पखवाजाची थाप जमिनीतून येऊन खुर्चीच्या पायांतून वर चढत होती. साडेसहा इंचांच्या वूफरमध्ये एवढं सामर्थ्य दडलंय हे त्यालाही त्याच दिवशी कळलं असावं. दहा मिनिटं मी कृतार्थ बसलो. मग लय वाढली, मी आवाज वाढवला, आणि पुढच्या थापेला डाव्या पेटीतून उत्तर आलं, 'फट्!'

त्याचं असं असतं, की तोच आवाज एक सप्तक खाली हवा असेल तर पडद्याला चौपट हलावं लागतं. थोरल्या भावाच्या पडद्यांचा आकार धाकट्याच्या सुमारे तिप्पट. त्याला जिथे नुसती मान हलवायची, तिथे धाकट्याला जोर काढायचे. जीव खाऊन मागे जाताना त्याची व्हॉइस कॉइल, म्हणजे पडद्याला ढकलणारी तारेची गुंडाळी, पाठच्या लोखंडावर आपटत होती. मग लगाम खेचणारा कुठे गेला होता? तो जागेवरच होता. पण राखण करत होता शेजारच्या वाड्याची.

तेवढ्यात बेल वाजली. दारात तळमजल्यावरचे काका. भजनी मंडळात चाळीस वर्षं पखवाज वाजवतात. मी माफीचं वाक्य जुळवत होतो, पण ते सरळ आत आले, मान तिरकी करून ऐकलं आणि म्हणाले, "कणीक जास्त झालीये."

"काका, हा स्पीकर आहे."

"असू दे की. डाव्या पुडीला कणीक जास्त झाली की हेच होतं. नुसता घुमतो, बोल उमटत नाही."

मग त्यांनी मला फुकट शिकवणी दिली. वाजवण्याआधी डाव्या पुडीला भिजवलेली कणीक लावायची. वजन वाढलं की सूर उतरतो. चिमूटभर लाव, ठोकून बघ, चिमूटभर काढ. "आणि माझ्या पखवाजाची कणीक दुसऱ्याच्या पखवाजाला मोजून लावलीस तर मार खाशील," असंही म्हणाले.

रात्री मी पुस्तकं उघडली, आणि थक्क झालो. स्पीकरची कुंडली ज्या आकड्यांनी मांडतात ते 'थील-स्मॉल' आकडे. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ साली पाया घातला, पुढे रिचर्ड स्मॉल यांनी इमारत चढवली. त्यातला एक आकडा म्हणजे हलत्या पडद्याचं वजन. ते काढायची घरगुती पद्धत अशी: पडद्यावर ठरावीक वजनाचा मऊ गोळा चिकटवा आणि सूर किती उतरला ते बघा. म्हणजे कणीकच!

माझ्या ॲम्प्लिफायरमध्ये आपले आकडे आपणच भरायचीही सोय होती. सकाळी स्वयंपाकघरात गेलो.

"आई, दहा ग्रॅम कणीक दे."

"दहा ग्रॅम? त्यात पुरीसुद्धा होत नाही."

"स्पीकरला हवीये."

आईने एकदा माझ्याकडे, एकदा परातीकडे पाहिलं आणि लिंबाएवढा गोळा तोडून दिला. "उपाशी राहायला नको बिचारा."

वजनकाट्यावर बरोबर १० ग्रॅम तोलले. एकेक पेटी उताणी केली, गोळा चपटा करून पडद्याच्या मधोमध बसवला. पडदा आपसूक ज्या सुरावर झुलतो तो ६० हर्ट्झवरून ४६ वर उतरला. गणित केलं, तर पडद्याचं स्वतःचं वजन निघालं जेमतेम १४ ग्रॅम. एवढ्याशा जिवाकडून मी थोरल्या भावाची कामं करवून घेत होतो!

आता खरा मोह सुरू झाला. जर्मनीतून अमेरिकेत गेलेले इंजिनिअर झिगफ्रीड लिंकविट्झ यांच्या नावाने एक जुळवणी आहे. बंद पेटीचा ६० हर्ट्झचा स्पीकर जणू ४० चा असल्यासारखा वागवता येतो. किंमत काय? अगदी खालच्या सुरांना सुमारे पाचपट वीज. मी हावरटपणे २५ हा आकडा टाकून पाहिला. तेहेतीसपट! एवढी वीज पचवायची तर व्हॉइस कॉइलच्या तारेचा निखाराच व्हायचा. निमूटपणे ४० वर आलो.

संध्याकाळी काकांना बोलावलं. ते भिंतीलगतच्या सोफ्यावर बसले, आई खोलीच्या मध्यावर आरामखुर्चीत. अभंग सुरू झाला. फट् नाही, बोल स्वच्छ.

"छान. पण अजून किंचित घुमतंय," काका म्हणाले.

"काहीतरीच! मला तर पखवाज ऐकूच येत नाहीये," आई.

दोघंही बरोबर होते. बारा फूट लांबीच्या खोलीत ४७ हर्ट्झच्या आसपासचा सूर दोन्ही टोकांच्या भिंतींशी फुगतो आणि नेमका मध्यावर गडप होतो. मी स्पीकर मोजला होता. खोली मोजायची राहिली होती. आईची खुर्ची दोन हात मागे आणि सोफा हातभर पुढे घेतल्यावर मतभेद मिटले. या जुळवणीला वीज लागली नाही.

जाताना काका दारात थांबले. "कणीक काढलीस ना? भजन झालं की आम्ही लगेच खरवडून टाकतो. दुसऱ्या दिवशी नवी."

मी हो म्हणालो. उजव्या पेटीची काढलीही होती. डाव्या पेटीवर काठाशी चिमूटभर राहिली होती, हे मला सकाळी मुंग्यांच्या रांगेने कळवलं. जिथे ॲम्प्लिफायर चुकला आणि मी तर चुकलोच, तिथे त्या मात्र यादी न बघता थेट बरोबर स्पीकरवर पोहोचल्या होत्या.