खासगी विमानाच्या मालकांस, मधल्या सीटवरून



पत्रास कारण की, परवा आपण मुंबईत उतरलात आणि धावपट्टीवरून बाजूला व्हायला जरा वेळ घेतलात. घ्या की. मागे आम्हीच होतो, दिल्लीहून आलेली पावणेदोनशे माणसं. चाकं बाहेर आलेली, घाटकोपरच्या टेकडीवरच्या निळ्या ताडपत्र्या मोजता येतील इतक्या जवळ, खिडकीवाल्या काकांनी ‘पोचलो’ असं टाइप करायला घेतलेलं. तोच इंजिनं गरजली, विमानानं नाक वर केलं आणि काकांचा फोन माझ्या पायाशी आला. बऱ्याच वेळानं कॅप्टननं सांगितलं: पुढचं बिझनेस जेट अजून धावपट्टीवरच होतं.

त्याआधी आम्हाला आकाशात घिरट्या घालायला लावलं होतं, तेही नेमकं माझ्या घरावर. मी राहतो सिल्वासाला. काकांच्या खांद्यावरून मधुबन धरणाचं पाणी दिसत होतं, पुढे दमणगंगा. घर खाली, मी वर, आणि उतरायचं मुंबईत! मग वर्सोवा पुलावरची कोंडी, मनोर, तलासरी असं करत पुन्हा त्याच धरणाकडे. आपला कारखाना आमच्या मसाटला असेलही. पण हा रस्ता आपल्याला ठाऊक असायचं कारण नाही.

जाणकार म्हणतात, उतरता उतरता पुन्हा वर जाण्यात घाबरण्यासारखं काय? वैमानिकानं नियमानुसार केलं. मान्य, त्याचे पाय धरायला हवेत. पण ही वेळ त्याच्यावर का आली, एवढंच विचारतोय.

1996 साली चरखी दादरीच्या आकाशात दोन मोठी विमानं एकमेकांवर आदळली, 349 माणसं गेली. त्यानंतर आपल्याकडे प्रवासी विमानांत टक्कर टाळणारी यंत्रणा सक्तीची झाली. समोरून कोणी आलं तर ती वैमानिकाला ‘वर जा’, ‘खाली जा’ म्हणून ओरडते. पण तिला समोरचा दिसतो तो त्याच्यातल्या ट्रान्सपाँडर या संकेत पाठवणाऱ्या यंत्रामुळे. 1986 मध्ये लॉस एंजेलिसजवळ एक छोटं पायपर विमान परवानगीशिवाय मोठ्यांच्या हद्दीत शिरलं. उंची कळवणारं यंत्र त्यात नव्हतं. ते एरोमेक्सिकोच्या विमानाला धडकलं आणि जमिनीवरच्या लोकांसह 82 जण गेले. शिवाय जमीन जवळ आली की ही यंत्रणा वर-खालीचे हुकूम देणं थांबवते. म्हणजे शेवटच्या त्या काही सेकंदांत, आपण धावपट्टीवर असताना, आमचा जीव कोणाच्या हाती? टॉवरमधल्या एका माणसाच्या आणि कॉकपिटमधल्या दोघांच्या.

मुंबईला धावपट्ट्या दोन, पण त्या एकमेकींना छेदतात. एका वेळी चालते एकच. तिथे आपण चौघं आणि आम्ही पावणेदोनशे, दोघांनाही एकेक पाळी. त्यातून आपलं विमान सात टनांच्या आतलं असलं तर मोठ्या विमानामागच्या भोवऱ्यात ते उलटू नये म्हणून त्याला जास्त अंतर सोडावं लागतं. लग्नाच्या पंगतीत चार माणसांनी अख्खी रांग अडवावी आणि वाढप्यानं ‘पाहुणे मोठे आहेत’ म्हणावं, तसं हे. फेब्रुवारी 2024 मध्ये सरकारनं गर्दीच्या तासांतली विमानं ताशी 46 वरून 44 वर आणली, त्या तासांत आपल्यावर निर्बंधही घातले. मग ते तास संपायचीच वाट बघत आपण सगळे येता.

सरकारी मोठेपणाची गोष्टही वेगळी नाही. 9 फेब्रुवारी 2009 रोजी राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या ताफ्यातलं हेलिकॉप्टर मुंबईच्या धावपट्टीवर आलं, तेव्हा दिल्लीचं विमान उड्डाणासाठी धावत सुटलं होतं. वैमानिकानं करकचून ब्रेक दाबले म्हणून सुमारे दीडशे माणसं घरी गेली.

आणि तरीही, खरं सांगू? 14 सप्टेंबर 2023 रोजी मुसळधार पावसात विशाखापट्टणमहून आलेलं लिअरजेट याच विमानतळावर घसरलं. आठही जण वाचले. मोडलेल्या विमानाचा तो फोटो पाहिला आणि शिव्या तोंडातच राहिल्या. टक्कर झालीच तर आधी चुराडा आपला होणार. आणि आपल्यासोबत त्या पगारी वैमानिकाचा, ज्याला मागच्या गुबगुबीत खुर्चीतून ‘मीटिंग आहे, बघा जरा’ असं ऐकावं लागतं. ‘नाही’ म्हणायचा अधिकार त्याला कागदावर आहे. हप्ते भरणाऱ्या माणसाला तो वापरता येतो का, हे आपल्यालाच माहीत.

तेव्हा विनंती एवढीच. नवी मुंबईचा विमानतळ आता सुरू झालाय, जमेल तेव्हा तिकडे उतरा. मुंबईतच यायचं असेल तर धावपट्टी झटपट सोडा. आणि आपला वैमानिक ‘साहेब, आज थांबू’ म्हणाला, तर त्या दिवशी तरी त्याला ‘का?’ विचारू नका.

आपला,
मधल्या सीटवरचा, सिल्वासा