वरून बंद, आतून उघडे
संगणकाच्या पडद्यावरील वृक्ष मूळचाच उफराट्या प्रकृतीचा. त्याचे मूळ वर आणि शाखा खाली. हे पाहून ज्याला गीतेच्या पंधराव्या अध्यायातील अश्वत्थ आठवतो, त्याची गणना आमच्या कचेरीत विद्वानांत न होता रिकामटेकड्यांत होते. साम्यही तेथेच संपते. कारण तो अश्वत्थ असंगाच्या शस्त्राने छेदावा असा भगवंतांचा आदेश आहे, आणि आमच्या साहेबांचा हुकूम मात्र एवढाच होता की, पान उघडताच झाडाच्या सर्व शाखा आपोआप मिटलेल्या दिसाव्यात.

झाड होते महाराष्ट्राच्या महसुली कारभाराचे. राज्याच्या एका मुळाखाली ६ विभाग, त्यांखाली ३६ जिल्हे, जिल्ह्यांखाली तालुके आणि तालुक्यांखाली गावे. प्रत्येक नावाच्या डावीकडे बेरजेचे चिन्ह असलेली चिमुकली चौकट, जी टिचकी मारताच वजाबाकीचे रूप धारण करून आपला सारा परिवार बाहेर ओतते. हा परिवार कोणीही टिचकी न मारता बाहेर पडे, त्यामुळे कोकणातून निघालेला माणूस माऊसचे चाक फिरवीत नागपूर विभागापर्यंत पोचला, तर आपण कशासाठी निघालो होतो याचे त्याला विस्मरण झालेले असे.

या औदार्याचे कारण शास्त्रशुद्ध आहे. मायक्रोसॉफ्टने २००५ साली एएसपी डॉट नेटच्या दुसऱ्या आवृत्तीबरोबर दिलेला ‘ट्रीव्ह्यू’ आम्ही वापरतो, आणि त्यातील प्रत्येक शाखेच्या ‘एक्स्पांडेड’ या गुणाला उघडी, मिटलेली आणि काहीच न ठरलेली अशा ३ अवस्था आहेत. सरकारी दप्तरातील ‘विचाराधीन’ या शेऱ्याशी ज्याचा परिचय आहे, त्याला ही तिसरी अवस्था समजावून सांगण्याची गरज नाही. फरक इतकाच की, विचाराधीन प्रकरण दप्तरात मिटून पडते. येथे मात्र ‘एक्स्पांडडेप्थ’ या गुणाला निराळी ताकीद दिलेली नसेल, तर मौन हीच संमती मानून सारे झाड शेवटच्या पानापर्यंत उघडले जाते.

आमच्या खात्यात नव्याने रुजू झालेल्या एका तरुणाने हुकमाची तामिली एका ओळीत केली. मुळावर ‘कोलॅप्स’ ही आज्ञा सोडताच पडद्यावर ‘महाराष्ट्र राज्य’ ही एकच ओळ उरली आणि साहेब प्रसन्न झाले. मग त्यांनी त्या एकुलत्या एका चौकटीवर टिचकी मारली.

“अहो, आत सगळं उघडंच आहे की!”

“साहेब, आपण बंद करा म्हणालात, ते केलं. आतलंही बंद करा, असं आपल्या टिपणीत नव्हतं.”

या उत्तरात उद्धटपणा नव्हता, तांत्रिक सत्य होते. ‘कोलॅप्स’ ही आज्ञा ज्या शाखेला केली तेवढीच मिटते; तिच्या पोटातील जिल्हे-तालुके आपापली अवस्था जपून अंधारात तसेच हातपाय पसरून बसतात, आणि दार उघडताच पूर्वीच्याच थाटात पुढे येतात. सर्वांना मिटवायचे तर ‘कोलॅप्सऑल’ हवे. आणि ज्या साधनात ही सोय नाही, तेथे स्वतःच स्वतःला हाक मारणारे एक फंक्शन लिहावे लागते. त्याचा शिरस्ता मी असा ठेवतो की, प्रत्येक शाखेने प्रथम आपली लेकरे मिटवावी व नंतर आपण मिटावे. विभाग रत्नागिरीला सांगतो, रत्नागिरी दापोलीला, दापोली हर्णैला. हर्णै हे पान, त्याला मिटण्यासारखे काहीच नाही, सबब ते ‘निरंक’ असा अहवाल पाठवून मोकळे होते, आणि मग मिटण्याची लाट खालून वर येऊ लागते.

त्याच क्षणी कीबोर्डचा फोकस घेऊन कोणी हर्णैवर उभा असेल, तर त्याला बंद झाडात कोंडून न ठेवता दिसणाऱ्या जवळच्या पूर्वजावर आणून सोडावे लागते. शिवाय शाखेच्या कपाळावरील ‘एरिया-एक्स्पांडेड’ची नोंदही बदलावी लागते, नाहीतर अंध वाचकाला पडदा वाचून दाखविणारे यंत्र मिटलेल्या शाखेला खुशाल ‘उघडी’ म्हणून जाहीर करते.

एवढा बंदोबस्त झाल्यावर साहेबांनी, कोणत्याही सर्वसाधारण आदेशाला जी गोष्ट लागतेच लागते, ती जोडली: अपवाद. सर्व काही बंद असावे, पण आपण जे गाव निवडले असेल ते तेवढे दिसावे. यासाठी आधी सारे झाड मिटवून मग त्या गावापासून ‘पेरेंट’चा हात धरीत वर चढायचे आणि वाटेतील प्रत्येक शाखा उघडीत जायचे. मला हा कोड फार आवडतो. एक गाव निघते, तालुका दार उघडतो, जिल्हा उघडतो, विभाग उघडतो, आणि ते थेट राज्याच्या मुळाशी जाऊन पोचते. वाटेत कोणी प्रतिज्ञापत्र मागत नाही, कोणी त्रुटी काढून प्रकरण परत पाठवीत नाही, आणि साहेब दौऱ्यावर आहेत असेही कोणी सांगत नाही.