पार्लो, पार्ली, पार्ला

'पार्ला' म्हणजे 'तो बोलतो'. हे मला वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी कळलं, तेही चौतीस वर्षं विरार लोकलनं त्याच पार्ल्यावरून ये-जा करून झाल्यावर. पु. ल. ज्या गावात वाढले त्या गावाचं नाव इटालियनमध्ये 'बोलतो' निघावं, याहून चपखल काय असणार? पार्लो म्हणजे मी बोलतो, पार्ली म्हणजे तू बोलतोस, पार्ला म्हणजे तो बोलतो. विरार फास्ट पार्ल्याला थांबत नाही. माझी जीभ मात्र दोन आठवडे तिथून पुढे सरकली नाही.

हा उद्योग नातीपायी. लेक-जावई तुरीनला असतात. चार वर्षांची नात व्हिडिओ कॉलवर दोन वाक्यं मराठीत बोलते आणि तिसऱ्याला घसरगुंडीवरून सुटल्यासारखी इटालियनमध्ये जाते. आम्ही आजी-आजोबा वरच उभे.

आमच्या पलीकडच्या गल्लीत एक सिस्टर राहतात, रोममध्ये काही वर्षं काढून वसईला परतलेल्या. त्या म्हणाल्या, "भाऊ, घाबरायचं काय? तीन घराणी आहेत फक्त. आरे, एरे, इरे."

हे तर सुटत्या गाडीमागे धावणाऱ्या मित्राला मारलेल्या हाकांसारखं झालं! तरी घेतलं. वसईकराला परभाषेचं भय असू नये. इथला गोन्सालो गार्सिया सोळाव्या शतकात जपानी शिकून दुभाष्या झाला, १५९७ मध्ये नागासाकीला हुतात्मा झाला आणि १८६२ मध्ये रोमनं त्याला संत ठरवलं. मला संतपद नको होतं. नातीनं 'आजोबांना काही कळत नाही' म्हणू नये, एवढंच.

'मांजारे' म्हणजे खाणे. हे लगेच पाठ झालं, कारण दारात बोंबील वाळत असले की मांजर काय करतं ते वसईत कुणाला सांगावं लागत नाही. मग 'असणे' या अर्थाचं नव्हे, 'जवळ असणे' या अर्थाचं 'आवेरे' आलं: ओ, आय, आ. सकाळी गॅलरीत त्याचा मोठ्यानं सराव करत होतो, तर बायको कोमट पाणी आणि मीठ घेऊन आली. "घसा धरलाय का?"

पण खरा घोळ 'आंदारे'नं घातला. आंदारे म्हणजे जाणे. 'मी जातो' म्हणजे मात्र 'वादो'. मी वही मिटली. "सिस्टर, आंदारेचं वादो कुठून होतं? काही धरबंध?"

सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "आणि तुमच्या 'जाणे'चं 'गेलो' कुठून झालं? 'येणे'चं 'आलो'?"

मी गप्प. त्रेसष्ट वर्षं जात होतो, गेलो होतो, पण या दोघांचं आडनाव वेगळं आहे हे कधी लक्षातच आलं नाही. लाज याची की मराठीचे पाणिनी म्हणवले गेलेले दादोबा पांडुरंग यांचं घराणं आमच्या वसईजवळच्या तर्खडचं. १८३६ साली, ऐन विशीत, त्यांनी मराठीचं व्याकरण छापलं. मी त्यांच्या गावावरून स्कूटर चालवली, क्रियापद नाही.

पुढे 'कोंजुन्तीवो' आलं. शंका, इच्छा, भीती यांच्यासाठी वेगळी रूपं. सिस्टर उदाहरण शोधत होत्या. मी म्हटलं, "शोधू नका. विंडो मिळावी, निदान फोर्थ सीट तरी मिळावी, उतरायच्या आधी दाराशी पोचता यावं. चौतीस वर्षं मी विध्यर्थातच जगलोय."

मग भूतकाळ. मी आंबा खाल्ला, मी पोळी खाल्ली. आपलं क्रियापद खाणाऱ्याकडे बघतही नाही, खाल्ल्या गेलेल्याच्या बाजूनं उभं राहतं. इटालियनमध्येही 'ती केळी मी खाल्ली' म्हणायचं तर 'ले ओ मांजाते', आणि हे 'मांजाते' इटालियन केळ्यांप्रमाणे स्त्रीलिंगी अनेकवचनी! मला सख्खा भाऊ भेटल्यासारखं झालं.

त्याच आठवड्यात बायकोनं तुरीनला पाठवायला राजेळी केळ्यांची सुकेळी आणली होती. डबा उघडून तिनं विचारलं, "सुकेळी कुणी खाल्ली?"

मराठी भूतकाळ मोठ्या मनाचा. मी कर्ता गाळला आणि म्हटलं, "खाल्ली असतील." एका क्रियापदात गुन्हा कबूल, गुन्हेगार गायब.

पण संध्याकाळी कॉलवर नातीला चकित करायची खुमखुमी आली. केळ्यांचा विषय निघताच छाती काढून म्हणालो, "ले ओ मांजाते!" पहिल्यांदाच माझं वाक्य बिनचूक आलं होतं. नातीनं टाळ्या पिटल्या आणि ओरडली, "आज्जी, ले आ मांजाते इल नोन्नो!"

इटालियनमध्ये कर्ता गाळला तरी ते 'ओ' आणि 'आ' चुगली करतात, हे मी विसरलो होतो. आणि 'नोन्नो' म्हणजे आजोबा, एवढं बायकोला चार वर्षांत पाठ झालेलं.

तिनं उरलेल्या दोन सुकेळ्यांचा डबा माळ्यावर ठेवला आणि लेकीकडून ऐकलेला एकच शब्द उच्चारला: "बास्ता."

मी वही उघडून पाहिलं. बास्तारे, म्हणजे पुरे होणे. आरे घराणं, तृतीय पुरुष, एकवचन. रूप अचूक होतं.