ॲडमिनकाका

सकाळी साडेसहा ते साडेआठ या वेळात बदलापूरमधल्या कात्रपच्या रस्त्यांना एकच दिशा असते, स्टेशनची. सीएसएमटी इथून 68 किलोमीटर. सकाळी लोकलच्या दारात लटकून गेलेली मुलगी, मुलगा, सून रात्री आठ-नऊला उगवतात. मधल्या वेळात, विशेषतः अकरा ते चार, कात्रपातल्या कुठल्याही सोसायटीत जाऊन कुठलीही बेल वाजवा, दार उघडणारं माणूस साठीच्या पुढचंच निघेल. मागे टीव्ही चालू, हातात मुलाने वाढदिवसाला दिलेला फोन आणि घरात दुसरं कुणी नाही. ऑनलाइन भामट्यांना हे वेळापत्रक मध्य रेल्वेच्या वेळापत्रकापेक्षा चांगलं पाठ असावं, कारण त्यांचे फोन नेमके याच वेळात येतात.

हे वेळापत्रक पाठ असलेला दुसरा माणूस म्हणजे आमचे ॲडमिनकाका.

ॲडमिनकाका हे काही त्यांच्या आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे. खरं नाव विचारलं तर ते आधी "कशाला हवंय?" असं विचारतात, आणि कारण पटलं तरच आडनाव सांगतात. असा एक काका आमच्याकडे प्रत्येक तिसऱ्या बिल्डिंगमध्ये आहे. ज्येष्ठांच्या ग्रुपची सूत्रं त्याच्या हाती असतात आणि सगळ्या जगावर त्याचा संशय असतो. आमचे काका मात्र अस्सल. त्यांची सगळी नोकरी अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत झाली, तीही गेटवर. येणाऱ्याचा पास बघायचा, जाणाऱ्याचा डबा उघडायचा. पुढे मोबाइल आले तेव्हा ते गेटवर काढून घ्यायचं कामही यांच्याकडेच आलं. ज्याने उभ्या फॅक्टरीचे मोबाइल बाहेर ठेवले, त्याच्यावर निवृत्तीनंतर उभ्या सोसायटीला मोबाइल शिकवायची पाळी आली. काका याला योगायोग मानत नाहीत, एक्स्टेन्शन मानतात.

त्यांच्या मते व्हॉट्सॲप हेही एक गेटच. तिथे येणारा प्रत्येक मेसेज बाहेरचा, आणि पास दाखवल्याशिवाय त्याला आत घ्यायचं नाही. शेजारच्या आजींच्या नातवाने नवीन नंबरवरून "आजी, मी बोलतोय, हा माझा नवा नंबर" असा मेसेज टाकला, तर काकांनी आजींकडून उलट विचारून घेतलं, "आपल्या गावच्या म्हशीचं नाव काय होतं?" नातू पुण्यात जन्मलेला, त्याला काय म्हैस ठाऊक! तीन दिवस तो ब्लॉक होता. शेवटी त्याने जुन्या नंबरवरून फोन करून म्हशीचं नाव विचारून घेतलं, तेव्हा त्याचा पास मंजूर झाला.

काकांचा वर्ग सोसायटीच्या खालच्या हॉलमध्ये भरतो. माझी आई त्यांची विद्यार्थिनी, त्यामुळे आतल्या बातम्या मला नीट कळतात. पहिल्या दिवशी काकांनी फोन हातात धरायलाही लावला नाही. आधी हात धुवायला लावले. कारण वयाबरोबर बोटं कोरडी होतात आणि स्क्रीनला कोरडं बोट कळत नाही. आज्यांनी त्यावर पिढीजात उपाय काढला होता. पोथीची पानं उलटून लागलेली सवय, बोट आधी जिभेला, मग स्क्रीनला. करोनाची दोन वर्षं अंगावर काढलेल्या काकांना हे बघवेना. त्यांनी टेबलावर ओल्या फडक्याची वाटी ठेवली. पोस्टात तिकिटं चिकटवायला असायची ना, तीच व्यवस्था. दुसरी अडचण दाबण्याची. "इथे बोट लावा" म्हटलं की आईची पिढी दाराची बेल दाबावी तसं दाबून धरते. मग मेसेज उघडायचा सोडून भलतीच यादी उघडते, त्यातलं 'डिलीट' नेमकं बोटाखाली येतं आणि काशीयात्रेचे फोटो गंगार्पण होतात. "टिचकी मारा, टिचकी! कॅरमची सोंगटी नाही ढकलायची!" हे वाक्य हॉलबाहेर रिक्षावाल्यांनाही पाठ झालं आहे.

पासवर्डाच्या धड्याला मात्र काका स्वतः हादरले. काळ असा होता की शाळेत नाव घालताना गुरुजींना पोराची जन्मतारीख सांगता यायची नाही, मग गुरुजी 1 जून लिहून मोकळे व्हायचे. त्यामुळे फेसबुकवर 1 जूनला अर्ध्या कात्रपचा वाढदिवस असतो. शुभेच्छा देणाऱ्याचाही आणि घेणाऱ्याचाही. इथपर्यंत ठीक होतं. पण काकांनी सहज चौकशी केली तेव्हा कळलं की सोसायटीतल्या बहुतेक ज्येष्ठांचा फोनचा, बँकेचा आणि एटीएमचा पिन एकच आहे: 0106. गेटवर सगळ्यांनी एकच पास दाखवावा, तसा प्रकार. काका त्या दिवशी चहा न घेता घरी गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी हुकूम काढला. पिन बदला, वाढदिवस नको, लग्नाचा दिवस नको, गाडीचा नंबर नको. व्हॉट्सॲपला सहा आकड्यांचा वेगळा पिन लावा, त्याला टू-स्टेप म्हणतात. कुणी तुमचा ओटीपी लंपास केला तरी या पिनशिवाय तुमचं खातं त्याच्या फोनवर उघडणार नाही. आणि हा पिन ब्रह्मदेवाने विचारला तरी सांगायचा नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. पण व्हॉट्सॲपची एक रीत आहे, तुम्ही पिन विसरू नये म्हणून ते स्वतःच अधूनमधून पिन विचारतं. आठवड्याभरात दुसऱ्या मजल्यावरच्या आजींच्या स्क्रीनवर ती चौकट आली. आजी बधल्या नाहीत. "काकांनी सांगितलंय, कुणालाही द्यायचा नाही." त्यांनी फोन बंद करून डाळीच्या डब्यात ठेवला. लेकीने दुबईहून तीसेक फोन केले, मग शेजाऱ्यांना, मग पोलिसांना करायच्या बेतात होती.

गॅसच्या सिलिंडरचं त्याहून वाईट झालं. ओटीपी कुणालाही देऊ नका, हा काकांचा पहिला नियम. पण सिलिंडर घेताना फोनवर आलेला कोड डिलिव्हरीवाल्याला सांगावा लागतो, तो दिल्याशिवाय त्याची नोंद होत नाही. तो बिचारा तिसऱ्या मजल्यापर्यंत सिलिंडर खांद्यावरून चढवून दारात घामाघूम उभा, आणि आत अण्णा ठाम, "कोड? मी काय तुला येडा वाटलो?" सिलिंडर परत खाली गेला. त्या रात्री अण्णांकडे सगळ्यांनी पोहे-चिवडा खाल्ला. काकांनी ग्रुपवर दुरुस्तीपत्रक काढलं: "सिलिंडर डोळ्यांनी पाहिल्यावर कोड सांगण्यास हरकत नाही. फोनवर मागितल्यास हरकत आहे." फॅक्टरीची भाषा अंगातून जात नाही ती अशी.

ग्रुपचं नाव 'कात्रप ज्येष्ठ (फक्त कामाचे)'. तिथे दिवसाला येणाऱ्या मेसेजांपैकी सूर्योदय, गुलाब आणि वाफाळता कप वगळला तर काम फारसं उरत नाही. काकांनी सुप्रभातला सकाळी सहा ते आठ अशी खिडकी उघडून दिली आहे. आठनंतर आलेला गुलाब ते उडवतात. श्रद्धांजलीवर तर कडक निर्बंध आहेत, कारण एकदा घोटाळा झाला होता. कुणीतरी चुकीच्या मेसेजखाली "भावपूर्ण श्रद्धांजली" टाकलं, ते पाहून चाळीस जणांनी हात जोडले आणि ज्यांना श्रद्धांजली वाहिली त्या गृहस्थांनी खाली लिहिलं, "सर्वांचे मनःपूर्वक आभार." त्यांना वाटलं वाढदिवस. तारीख 1 जूनच होती. तेव्हापासून नियम असा की आधी घरी फोन करायचा, माणूस स्वतः फोनवर आला तर श्रद्धांजली रद्द.

पावसाळा हा काकांच्या परीक्षेचा हंगाम. उल्हास नदी चढू लागली की ग्रुपवर बारवी धरण दर तासाला फुटतं. 27 जुलै 2019ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पुरात अडकली होती, हजारावर प्रवासी बोटींतून बाहेर काढले होते. ती गाडी त्याच दिवशी मोकळी झाली, पण आमच्या ग्रुपवर ती दर जुलैत "आत्ताचा व्हिडिओ" म्हणून पुन्हा अडकते. काका प्रत्येक वेळी तीच तीन उत्तरं मागतात. कधीचा? कुठला? पाहिला कुणी? उत्तर येत नाही. व्हिडिओ गेटबाहेर.

दोन बाणांच्या मेसेजचा त्यांना विशेष राग. वर 'फॉरवर्डेड मेनी टाइम्स' असं लिहिलेलं असतं, म्हणजे तो निदान पाच हातांतून फिरलेला असतो. "गावभर उंडारून आलाय, पाय धुतल्याशिवाय घरात घ्यायचा नाही," असं ते म्हणतात आणि वर्ग हसतो. एकदा मात्र काका हसले नाहीत. कुणीतरी मुलं पळवणाऱ्या टोळीचा मेसेज टाकला होता, कात्रपातली गल्ली घालून. काकांनी वर्गात फोन उलटे ठेवायला लावले आणि 1 जुलै 2018ची गोष्ट सांगितली. धुळे जिल्ह्यातला राईनपाडा. भिक्षा मागत आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण. असाच मेसेज फिरलेला होता, आणि जमावाने त्या पाचही जणांना मारून टाकलं. व्हॉट्सॲपने त्याच महिन्यात भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवायची मर्यादा घातली. "मशीनला अक्कल आली," काका म्हणाले, "आपल्याला कधी?" मेसेज टाकणाऱ्या आजोबांनी तो गुपचूप काढला. आई सांगते, त्या दिवशी कुणी चहाचा विषयही काढला नाही.

काकांची कीर्ती झाली ती बाईंच्या प्रकरणाने. बाई म्हणजे तळमजल्यावरच्या निवृत्त शिक्षिका. दुपारी बाराला व्हिडिओ कॉल. समोर खाकी गणवेश, मागे अशोकस्तंभ. तुमच्या नावाचं पार्सल पकडलंय, त्यात ड्रग्ज आहेत, तुम्हाला डिजिटल अटक केली आहे, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही, कुणाला सांगायचं नाही. बाई घाबरल्या, पण बाईच त्या. "गॅसवर दूध आहे, उतू जाईल," असं सांगून, फोन तसाच चालू ठेवून त्या काकांकडे गेल्या. काका बनियनवर आले, खुर्ची ओढून कॅमेऱ्यासमोर बसले.

"साहेब, कुठलं स्टेशन?"

"सीबीआय, मुंबई."

"बरं. पत्राचा जावक क्रमांक सांगा."

समोरचा गडबडला. त्याने अटक, बँक, सुप्रीम कोर्ट सगळं काढलं. काका हातात पेन घेऊन तसेच. "ते होईल हो. आधी जावक क्रमांक. आणि सही कुणाची आहे? पदनाम? शिक्का गोल की चौकोनी?" सरकारी माणसाला कागदाशिवाय कुणी अटक करू शकत नाही, यावर काकांची छत्तीस वर्षांची श्रद्धा. पलीकडून फोन कटला.

मग काकांनी बाईंना पाणी दिलं आणि नीट समजावलं. डिजिटल अटक नावाची गोष्ट आपल्या कायद्यात नाहीच. पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाहीत आणि पैसे तर मागतच नाहीत. पंतप्रधानांनी 27 ऑक्टोबर 2024च्या 'मन की बात'मध्ये हेच सांगितलं होतं. थांबा, विचार करा, मग कृती करा. बाईंनी विचारलं, "आणि पैसे गेलेच असते तर?" काका म्हणाले, "तर रडत बसायचं नाही. 1930 लावायचा, ताबडतोब. पैसा पुढच्या खात्यात सरकायच्या आत कळवलं तर अडवता येतो. मुलगा घरी येईपर्यंत थांबलात तर कर्जतची शेवटची लोकल निघून गेलेली असते."

यातच खरी गोम आहे. वर्गाबाहेरचे आम्ही मुलं-मुली काकांना हसतो, पण आईबापांना हे शिकवायचं काम आमचं होतं आणि आम्ही ते कसं करतो? रात्री साडेनऊला जेवणाच्या ताटावर आई विचारते, "हे फेसबुकवरचं कुलूप कसं लावायचं रे?" आपण तिच्या हातातून फोन घेतो, चार टिचक्या मारतो, "झालं, घे," म्हणून परत देतो. कुलूप लागतं, आईला काही कळत नाही. पुन्हा विचारलं तर "अगं, कालच सांगितलं ना!" काका कधीच फोन हातात घेत नाहीत. पाठीमागे हात बांधून उभे राहतात आणि तेच तेच सतरा वेळा सांगतात. गेटवर उभं राहायची सवय कामाला येते. फसवणूक झाल्याचं आई-वडील मुलांपासून लपवतात, आरडाओरड नको म्हणून. काकांपासून कुणी लपवत नाही. त्यांच्याकडे फॉर्म भरावा लागतो, बोलणी खावी लागत नाहीत.

काकूंबद्दल दोन शब्द. त्या वर्गाला येत नाहीत. घरी बसून यूट्यूबवर रेसिपी पाहतात, इन्स्टाग्रामवर कोथिंबीरवडी टाकतात आणि अनोळखी माणसाने "हॅलो डिअर" लिहिलं की उत्तर न देता ब्लॉक करतात. काकांना याची अजून कल्पना नाही. आज रात्री वीज कापली जाईल, या नंबरवर फोन करा, असा मेसेज आला तेव्हा काकांनी लगेच परिपत्रक लिहायला घेतलं. काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "आपल्याकडची वीज कधी सांगून गेलीय का? सांगतोय म्हणजे चोरच." परिपत्रकात काकांनी हेच वाक्य घातलं, स्वतःच्या सहीने.

वर्ग दर सोमवारी आणि गुरुवारी दुपारी चारला. येताना चष्मा, चार्ज केलेला फोन आणि एक वही आणावी. मुलांना सोबत आणू नये.