हँग झालेल्या कॉम्प्युटरविषयी यवतमाळच्या घरी

एडिसन, न्यू जर्सी

ती. बाबांस सा. न.

कॉम्प्युटर हँग झाला म्हणजे मेला असं नव्हे. बहुतेक वेळा पडदा तेवढा अडकलेला असतो, आतला कारभार चालूच असतो. खात्रीसाठी कॅप्स लॉक दाबावं. कीबोर्डवरचा दिवा लागला-विझला, तर जीव आहे. कॅबिनेटला थापटी मारून हे कळत नाही. तो इलाज जुन्या टीव्हीपुरता होता.

जीव असेल तर दोन मिनिटं हात मागे घ्यावा. रॅम भरली की कॉम्प्युटर तिथलं सामान डिस्कवर हलवू लागतो, आणि डिस्क रॅमच्या मानानं फारच मंद. अशा वेळी माऊस टकटकवणं म्हणजे जिनिंगच्या दारात कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली असताना मागून हॉर्न वाजवणं.

तरीही सुटला नाही, तर घरच्या उबुंटूवर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकदम दाबावं. काळा पडदा येतो. तिथे नाव आणि पासवर्ड द्यावा. पासवर्डची अक्षरं उमटत नाहीत, म्हणून कीबोर्ड बिघडला असं नसतं. (गेल्या खेपेस याच मुद्द्यावर यवतमाळात सकाळचे साडेनऊ आणि एडिसनला रात्रीचे बारा वाजले होते.) इंग्रजी छोट्या अक्षरांत ‘टॉप’ लिहून एंटर केलं की सर्वांत खादाड प्रोग्राम वर दिसतो. ‘के’ दाबून त्याचा क्रमांक द्यावा, मग १५. १५ म्हणजे ‘आवरून निघा’. ९ म्हणजे मानगूट धरून बाहेर. आधी १५च.

काळा पडदाही येईना, तर ऑल्ट आणि प्रिंट स्क्रीन धरून एस, यू, बी ही अक्षरं थांबत थांबत दाबावीत. एस रॅममधलं डिस्कवर उतरवतो, यू डिस्कवरचं लिखाण थांबवतो, बी कॉम्प्युटर पुन्हा सुरू करतो. तेही चालेना, तर पॉवरचं बटण दाबून धरावं. पण तो अगदी शेवटचा उपाय. सेव्ह केलेलंही डिस्कवर पोचायला अर्धं मिनिट लागू शकतं. सेव्ह न केलेला कापसाचा हिशेब तर अशा वेळी बहुधा परत येत नाही.

मे महिन्यात हँग होण्याला आणखी एक कारण असतं. बाहेर पारा चाळिशीच्या वर, आणि कॅबिनेटच्या जाळीवर क्रोशाचा रुमाल. आतली गरम हवा जाणार कुठून? रुमाल काढावा. तो आईनं विणलेला असल्यामुळे हे तिला कोणी सांगायचं, ते यवतमाळातच ठरवावं.

कळावे,
एडिसनची मंडळी